लांडग्याच्या तोंडात हात

रेडिओवर आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं, तेव्हाच पलीकडच्या माणसाला बोलता येतं, हे द्वारकाबाईंना एकदाच सांगावं लागलं. दुसऱ्या वेळेपासून त्या इतक्या सफाईने ओव्हर म्हणू लागल्या की घरीसुद्धा ती सवय सुटेना. “साधना, कुकरच्या शिट्ट्या झाल्या गं, ओव्हर.” नऊ वर्षांची मृणाल हसून लोळायची. साधनाही हसायची, पण सासूच्या विनोदाला तिचं हसू जरा उशिरा यायचं आणि लवकर जायचं.

पद्माकर अंटार्क्टिकाला गेला होता. फरीदाबादच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ही बातमी नवलाईची होती. शेजारच्या चोप्राबाईंना कितीतरी दिवस तो अमेरिकेलाच गेलाय असं वाटत होतं, आणि येताना व्हीसीआर आणणार का, असं त्या विचारत. पद्माकर भूविज्ञानाच्या खात्यात नकाशे करणारा सर्व्हेअर. आयुष्यभर राजस्थानच्या उन्हात दुर्बीण लावून उभा राहिलेला माणूस. त्याने हौसेने नाव दिलं, तपासण्यांत पास झाला आणि डिसेंबरात गोव्याहून बोटीत बसला. उन्हाळ्याचे दोन महिने डोंगरांत तंबू ठोकून मोजणी, मग अख्खा हिवाळा तळावर, आणि पुढच्या मार्चनंतर परत.

निघण्याआधी मोहिमेतल्या सगळ्यांच्या घरच्यांना चहाला बोलावलं होतं. तिथे मोहिमेच्या प्रमुखांनी समोसे संपल्यावर एक गोष्ट सांगितली. हिवाळ्यात तिथून कुणालाच परत आणता येत नाही. बोट नाही, विमान नाही. म्हणून घरची वाईट बातमी रेडिओवर द्यायची नाही. हा लिहिलेला नियम नव्हता, पण सगळी कुटुंबं तो पाळत. “जो लौट नहीं सकता, उसे रुलाकर क्या फ़ायदा?” प्रमुख म्हणाले.

“म्हणजे मी मेले तरी सांगायचं नाही?” द्वारकाबाई सुनेच्या कानाशी म्हणाल्या. “बरंय. रडारड वाचली.”

“काहीतरीच काय, आई!” साधना म्हणाली.

दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, दिल्लीतल्या एका सरकारी इमारतीत रेडिओच्या खोलीत कुटुंबांना बोलावत. टेबलावर एकच माईक. बाकीची मंडळी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून आपली पाळी येईपर्यंत इतरांचे संसार ऐकत. यंत्रावर त्यागीजी नावाचे गृहस्थ असायचे. प्रत्येकाला काही मिनिटं, आणि त्यातली अर्धी खरखरीत जायची. साधना आणि द्वारकाबाई बसने बदरपूरमार्गे जायच्या, बस बदलायच्या, घामाघूम होऊन पोचायच्या. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास होता, पण त्या दिवशी गुडघे दुखत नसत.

पहिले दोन-तीन रविवार “जेवतोस ना, थंडी आहे का” यातच गेले. थंडी आहे का, या प्रश्नावर सगळी खोली हसली होती. मग एप्रिलात एकदा पद्माकरने त्या डोंगरांचं सांगितलं.

“आई, उन्हाळ्यात आम्ही ज्या डोंगरांत होतो ना, ती रांग हेलिकॉप्टरमधून लांडग्याच्या जबड्यासारखी दिसते. नॉर्वेच्या लोकांनी त्यांच्या पुराणातल्या लांडग्याचं नाव दिलंय तिला. फेन्रिस. एका सुळक्याचं नाव लांडग्याचा दात. एक पोकळ दात, एक दाढ. बर्फातून जरासं वर आलेलं एक जिभेचं टोक. ओव्हर.”

“पोकळ दात म्हणजे माझाच की रे. त्याला कुणी कवळी नाही का बसवली? ओव्हर.”

पलीकडे, जगाच्या तळाशी, पद्माकर मोठ्याने हसला. ते हसू खरखरीतून आलं आणि साधनाने मान वर केली. निघाल्यापासून तिच्याशी बोलताना तो असा हसला नव्हता.

“पण कसली ती पुराणातली गोष्ट? ओव्हर,” सासूबाईंनी विचारलं. आणि तिथून ते सुरू झालं. कीर्तनकाराने आख्यान लावावं तसं पद्माकर दर पंधरवड्याला थोडं थोडं सांगू लागला. देवांनी लांडग्याचं एक पिल्लू पाळलं. (“आमच्या महादेवाने साप पाळला. चालायचंच. ओव्हर.”) पिल्लू वाढतच गेलं, इतकं की त्याला खायला घालायला एकाच देवाची छाती होईना, बाकीचे लांबूनच बघायचे. देव घाबरले. त्यांनी साखळदंड आणले, खेळ म्हणून बांधून घे म्हणाले. लांडग्याने ते तोडले. दुसरे आणले, तेही तोडले. खोलीतली इतर कुटुंबंही ऐकू लागली. साधना माईकच्या बाजूच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसायची. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिला माईक मिळायचा. “मी बरी आहे. मृणाल बरी आहे. ओव्हर.”

मे महिन्यात तो म्हणाला, “मग देवांनी रेशमासारखी मऊ एक फीत आणली. जादूची. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, बांधा, पण तुम्ही मला सोडाल याचा भरवसा काय? तुमच्यातल्या एकाने तोवर माझ्या तोंडात हात ठेवायचा. कुणी पुढे होईना. शेवटी जो त्याला रोज खायला घालायचा, तोच पुढे आला, आणि त्याने आपला उजवा हात लांडग्याच्या—”

आणि रेडिओ बंद पडला. त्यागीजींनी बटणं फिरवली. “माताजी, लिंक गया. अब अगली बार.”

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. देव त्याला सोडतील का? नाही सोडलं तर लांडगा चावेल का? द्वारकाबाईंचं म्हणणं, चावणार नाही. “रोज ज्याच्या हातून खाल्लं त्या हाताला कोण चावेल?” मृणालचं म्हणणं, “चावणार! बिल्कुल चावणार! वुल्फ आहे तो, आजी.” दोघींनी पैज लावली. लांडगा चावला तर आजीची चांदीची सुपारीची डबी मृणालची. नाही चावला तर मृणालने महिनाभर कुरकुर न करता दूध प्यायचं.

साधनाला मात्र वेगळंच काही बोलायचं होतं. यमुनेपलीकडे नवी वस्ती होत होती, इंदिरापुरम म्हणून. नुसती माती आणि खांब होते तिथे, पण ओळखीचे सगळे नावं नोंदवत होते. तिला ते घर हवं होतं. तिला नवऱ्याला विचारायचं होतं, आणि विचारताना त्याचं सगळं लक्ष आपल्याकडे हवं होतं. खरं म्हणजे घराचं निमित्त होतं. एकदा तरी त्याने, “साधना, तू कशी आहेस?” असं विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

त्या रविवारी सकाळी द्वारकाबाई नऊवारी नेसून, पावडर लावून तयार होऊन बसल्या. साधना शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलून आल्यासारखी आत आली आणि म्हणाली, “आई, आज लिंक नाही. तिकडे वादळ आहे म्हणे.”

“अरे देवा. पद्माकर बरा आहे ना?”

“बरा आहे. फक्त रेडिओ बंद आहे. मी जरा मृणालची पुस्तकं घेऊन येते, दर्यागंजला.”

द्वारकाबाईंनी नेसूचं बदललं नाही. तशाच सोफ्यावर बसल्या. साधना जिना उतरत होती तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, मृणालला म्हणत होत्या, “मग आता पंधरा दिवस तुझं दूध लांबलं गं.”

“माताजी नहीं आईं?” रेडिओच्या खोलीत त्यागीजींनी विचारलं.

“तबीयत ठीक नहीं है उनकी,” साधना म्हणाली. तोंडातून निघून गेलं. माईकवरही तिने तेच सांगितलं. पद्माकर काळजीत पडला, मग साधी सर्दी आहे म्हटल्यावर सावरला. तिने घराचं विचारलं. “तू बघ, तुला पटलं तर नोंदव. ओव्हर,” तो म्हणाला. एका वाक्यात तो विषय संपला. आणि मग, “साधना, आता नीट ऐक. आईला शेवट सांगायचाय. ती अडकून बसली असेल,” म्हणून तिला मिळालेल्या सगळ्या मिनिटांत त्याने लांडग्याचा शेवट सांगितला. लांडग्याला ती फीत तुटेना. देव हसायला लागले. त्यांनी त्याला सोडलं नाही. मग लांडग्याने तोंड मिटलं. हात मनगटापासून गेला. “जसंच्या तसं सांग हं तिला. आणि काय म्हणते ते मला सांग. ओव्हर.”

“सांगते. ओव्हर,” साधना म्हणाली.

बसमध्ये खिडकीतून लूचा गरम वारा येत होता. ती पुस्तकं न घेताच परतली आणि दुकान बंद होतं म्हणाली. एक खोटं सांगितलं की त्याच्या मागून पिल्लं येतातच.

ती गोष्ट तिला सांगता येणार होती. नंतर कितीदा तरी तिने स्वतःलाच सांगून पाहिलं, कसं सांगता आलं असतं ते. आठवड्यात एकदा दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद, दोघी जमिनीवर बसून गवार मोडत होत्या. द्वारकाबाई म्हणाल्या, “तुला काय वाटतं गं? चावला असेल का?” त्या क्षणी नुसतं म्हणायचं होतं, आई, मी तुम्हाला फसवलं, रागवा, पण ऐका. सासूबाई दोन दिवस बोलल्या नसत्या, मग विसरल्या असत्या. पण साधनाने गवारीचं देठ मोडलं आणि म्हणाली, “मला काय ठाऊक?”

पुढचा रविवार यायच्या आतच द्वारकाबाई गेल्या. सकाळी चहा मागितला, आणि चहा आणेपर्यंत मान कलली. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव. जूनचा महिना. पद्माकरचा चुलतभाऊ अविनाश पुण्याहून अग्नी द्यायला येईपर्यंत शेजाऱ्यांनी बर्फाच्या लाद्या आणून त्यांवर त्यांना ठेवलं. चोप्राबाई लाद्यांवर भुसा टाकून पोती सारखी करत होत्या. मृणाल दारात उभी राहून म्हणाली, “आई, आजीला थंडी वाजेल.” साधनाला वाटलं, तबीयत ठीक नाही, असं आपणच बोललो होतो. आपल्याच तोंडून निघालं.

आलेला प्रत्येक जण एकच विचारायचा, पद्माकरला? आणि मग स्वतःच मान हलवायचा. नाही, कळवायचं नाही. तिकडे दोन महिने सूर्यसुद्धा उगवत नाही म्हणतात. ऑफिसातूनही तसाच निरोप आला.

दिवस झाल्यावर पुढच्या रविवारी साधना एकटी त्या खोलीत गेली. भिंतीलगतच्या सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यागीजींनी तिच्याकडे न बघता माईक पुढे केला.

“आईची सर्दी कशी आहे? आली नाही का? ओव्हर.”

“गुडघे धरलेत. एवढ्या उन्हात नको म्हटलं. ओव्हर.”

“बरं केलंस. शेवट सांगितलास? काय म्हणाली? ओव्हर.”

भिंतीलगतचे सगळे तिच्याकडे बघत होते. साधनाला वाटलं होतं, हे विचारणार नाही. विसरला असेल. तिने माईकचं बटण दाबलं आणि सासूबाईंच्या सुरात, त्यांच्याच ठसक्यात, तिच्या तोंडून वाक्य आलं. “म्हणाल्या, लांडगा चावला त्याचं काही नाही रे, तो लांडगाच. पण देव खोटं बोलले, त्याचं काय? ओव्हर.”

पलीकडे पद्माकर हसला, तसंच, पोटातून. “आईच ही! ओव्हर.”

खोलीतल्या दोन बायका रडायला लागल्या. बाहेर आल्यावर एक तिला म्हणाली, “आपने कितनी हिम्मत से निभाया, बहनजी.” त्यानंतर पुढचे सगळे महिने तिचं कौतुकच होत राहिलं. धीराची बाई. सून असावी तर अशी. प्रत्येक कौतुकाने ती आक्रसायची, आणि लोकांना वाटायचं, विनयशील आहे.

पद्माकर परतला तो दाढी वाढवून, काळवंडून, एक दगड घेऊन. त्या लांडग्याच्या दातापाशी उचललेला, तांबूस, लिंबाएवढा. आईसाठी. निजामुद्दीन स्टेशनवर अविनाश त्याला घ्यायला गेला होता, त्याने आई गेल्याचं टॅक्सीतच सांगितलं. घरी येऊन पद्माकर आईच्या पलंगावर बसला, दगड हातात घेऊन. तो फिरवत म्हणाला, “नशीब, शेवट तरी ऐकून गेली. आणि काय बोलली बघ.” साधनाने पाण्याचा पेला त्याच्या हाती दिला. सांगायची हीच वेळ होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने ती जाऊ दिली, आणि मग ती वेळ सरकारी फायलीसारखी वर्षानुवर्षं पुढेच सरकत गेली.

इंदिरापुरमचं घर झालं. सहाव्या मजल्यावर. सुरुवातीला लिफ्ट नव्हती, मग लिफ्ट आली, मॉल आला, गच्चीवरून यमुना दिसायची ती दिसेनाशी झाली. दगड दिवाणखान्यात टीव्हीवर बसला. येणारा जाणारा विचारायचा, आणि पद्माकर गोष्ट सांगायचा, आणि शेवटी आईचं वाक्य. ऐकणारे वाहवा करत. “काय बाई होती!” साधना अशा वेळी उठून चहा टाकायला जायची. साधनाबाईंचा चहा या घरात गोष्टीच्या नेहमी एकाच ठिकाणी येतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पद्माकर निवृत्त झाला त्या वर्षी मराठी मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याचा स्लाइड शो ठेवला. मृणाल तेव्हा दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन शिकत होती. ती तिळगुळाला घरी आली होती. सकाळी साधना पोळपाटावर तिळाच्या वड्या थापत होती, पद्माकर जेवणाच्या टेबलावर स्लाइड उजेडाकडे धरून लावत होता आणि संध्याकाळचं भाषण पुटपुटत होता.

“...आणि माझी आई म्हणाली, देव खोटं बोलले, त्याचं काय?”

“बाबा, एक मिनिट,” मृणाल वडीचा तुकडा चघळत म्हणाली. “आजीला शेवट कुठे माहीत होता?”

“म्हणजे?”

“अरे यार, मला नीट आठवतंय. आम्ही पैज लावली होती. चावला तर डबी माझी. आजी शेवटपर्यंत मला विचारत होती, चावेल का म्हणून. निकालच लागला नाही, म्हणून तर मला डबी मिळाली नाही.”

पद्माकर हसला. “तू एवढीशी होतीस गं. आईने सांगितला होता ना आजीला. म्हणून तर आजी हे वाक्य बोलली. होय ना साधना?”

मृणाल आईकडे बघत होती. साधनाच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. तू शाळेत गेलीस तेव्हा सांगितला, आणि डबी मीच दडवली, तू हरवशील म्हणून. इतकं सोपं. इतक्या वर्षांचा हात बसलेला.

“असेल मग,” मृणाल म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली. “मीच काहीतरी चुकीचं लक्षात ठेवलं असेल.”

ते साधनाला ऐकवेना. सासूला फसवलं, नवऱ्याला फसवलं, ते सगळं झाकून तरी होतं. पण ही पोर समोर बसून आपली खरी आठवण पुसत होती, साधनाच्या खोट्यापायी.

“नाही,” साधना म्हणाली. “तुझं बरोबर आहे.”

मग तिने सांगितलं. तिळाचे हात तसेच ठेवून, सरळ, काही न सजवता. वादळ नव्हतं. आई नेसून बसल्या होत्या. मी एकटी गेले, कारण मला एकटीला तुमच्याशी बोलायचं होतं. गवार मोडताना त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं नाही.

पद्माकरने हातातली स्लाइड खाली ठेवली. “मग ते वाक्य?”

“माझं.”

तो टीव्हीवरच्या दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नेसून बसली होती?”

“हो. दिवसभर.”

तो उठून गॅलरीत गेला. ओरडला असता तर बरं, असं साधनाला वाटलं. मृणाल आईच्या पोळपाटावरच्या अर्धवट राहिलेल्या वड्या कापू लागली. साधनाने आतल्या कपाटातून चांदीची डबी आणून तिच्यापुढे ठेवली. मृणालने ती उघडून पाहिली, बंद केली आणि तिथेच राहू दिली.

संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. साधना नेहमीसारखी मागे, तिळगुळाच्या डब्यांपाशी बसली. पद्माकर स्लाइड दाखवत होता. बोट, पेंग्विन, तळ, सूर्य नसलेली दुपार. मग लांडग्याच्या दाताचा सुळका पडद्यावर आला, पांढऱ्यातून सरळ वर गेलेला. त्याने गोष्ट सुरू केली. पिल्लू, साखळदंड, रेशमाची फीत. लोक पुढे झुकले. “आणि जो त्याला रोज खायला घालायचा, त्याने आपला उजवा हात लांडग्याच्या तोंडात ठेवला.”

तो थांबला.

“माझ्या आईने गोष्ट इथपर्यंत ऐकली,” तो म्हणाला आणि बटण दाबलं. पडद्यावर पेंग्विन आले.

हॉलमध्ये कुजबूज झाली. कुणीतरी हसलं, कुणी “अहो पुढे?” म्हणालं, पण पद्माकर पुढच्या स्लाइडवर होता. त्याने मागे पाहिलं नाही.

साधनाच्या शेजारी बसलेल्या नव्या बाई, नोएडाहून पहिल्यांदाच आलेल्या, तिच्याकडे वळल्या. “अहो, हे काय? अर्धवटच ठेवली की. तुम्ही त्यांच्या मिसेस ना? तुम्हाला ठाऊक असेल. चावला का हो लांडगा?”

साधनाने तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं.

“चावला,” ती म्हणाली. “देवांनी त्याला सोडलं नाही. म्हणून चावला.”

“अगं बाई,” त्या बाई म्हणाल्या. “आणि तुमच्या सासूबाई? त्यांना कुणी सांगितलंच नाही?”

“नाही,” साधना म्हणाली. “मी सांगितलं नाही.”